धूर कुणाच्या खात्यात?

पप्पांनी बावीस वर्षं टँकर चालवला. माहूलला फर्नेस ऑइल भरायचं, खोपोलीला चहा, मग बोरघाट चढून खंडाळा, लोणावळा, कामशेत आणि पुढे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत नेऊन खाली करायचं. एक्सप्रेस वे व्हायच्या आधी जुन्या रस्त्यानं जाताना शिंग्रोबाच्या देवळासमोर रुपया टाकल्याशिवाय त्यांची गाडी पुढे जायची नाही. आमचं घर कामशेतला, हायवेपासून पाच मिनिटांवर. भरलेली गाडी ढाब्यावर लावून, क्लीनरला तिथंच बसवून ते जेवायला घरी यायचे, तेव्हा त्यांच्या शर्टाला येणारा तो जड वास मला आजही डोळे मिटून ओळखता येईल. माझी शाळेची फी, नंतर इंजिनिअरिंगची फी, पहिला लॅपटॉप, सगळं त्या काळ्या तेलातून आलं. हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की एसीत बसून तेलाला नावं ठेवणं सोपं असतं.

तशी नावं ठेवायला मला तोंडही नाही. गेल्या वर्षभरापासून मीही तेलच वाहते, फक्त कोडमधून.

आमच्या कंपनीला परदेशातला एक क्लायंट मिळाला. नाव सांगता येणार नाही, एनडीए आहे. हा क्लायंट पेट्रोल-डिझेल बनवतो आणि आजूबाजूच्या चार-पाच देशांना विकतो. काही पाइपलाइननं, काही जहाजानं, काही टँकरनं. कुठल्या डेपोत किती माल शिल्लक आहे, कुठं दोन दिवसांत संपेल, कुठली गाडी कुठं वळवली तर रिकामी फेरी वाचेल, हे ठरवणारं शेड्युलर आमच्या टीमनं लिहायचं. काम म्हणून मस्त आहे, हे कबूल करते. अर्ध्या रात्री जाग येऊन उत्तर सुचावं, असे प्रॉब्लेम रोज मिळत नाहीत.

तीन-चार महिन्यांत आम्ही रिकाम्या फेऱ्या बऱ्याच कमी केल्या. क्लायंटच्या डॅशबोर्डवर ‘सस्टेनेबिलिटी’ नावाचा एक टॅब आहे. वाहतुकीतलं उत्सर्जन घटलं म्हणून तिथं एक हिरवं पान उगवलं. कॉलवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. संध्याकाळी लोकलनं घरी येताना देहूरोड गेल्यावर मी सहज मोबाइलवर एक हिशोब केला. पप्पांच्या टँकरचा.

टँकर बारा हजार लिटरचा. माहूल ते पिंपरी येऊन-जाऊन अडीचशे किलोमीटर धरा. अ‍ॅव्हरेज चारचं, म्हणजे साठ-बासष्ट लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका खेपेला गाडीचा स्वतःचा धूर दीडशे-पावणेदोनशे किलो. आता गाडीच्या पोटातला माल. फर्नेस ऑइलचा आकडा लिटरमागे तीन किलोच्या वर जातो. बारा हजार लिटरचे झाले छत्तीस टनांहून जास्त. (तेलापेक्षा धूर जड कसा, असं पप्पांनी नंतर विचारलंच. जळताना हवेतला ऑक्सिजन येऊन जोडला जातो, त्याचं वजन.)

एकीकडे दीडशे किलो, दुसरीकडे छत्तीस टन. दोनशे पट. आमचं हिरवं पान पहिल्या आकड्यातल्या बचतीचं होतं. दुसरा आकडा त्या टॅबवर कुठंच नव्हता.

यात कुणी लबाडी केलेली नाही. जगभरचा हिशोबच असा बांधलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराखाली प्रत्येक देश आपल्या हद्दीत जे जळलं त्याचा हिशोब देतो. तेल खणलं कुणी, शुद्ध केलं कुणी, विकून पैसे केले कुणी, याला त्या रकान्यात जागा नाही. आंतरराष्ट्रीय जहाजं आणि विमानांचा धूर तर कुठल्याच देशाच्या बेरजेत येत नाही, वेगळा नोंदवून बाजूला ठेवतात. नॉर्वेचं उदाहरण प्रसिद्ध आहे. २०२४मध्ये तिथं विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी नव्वद टक्क्यांच्या जवळपास इलेक्ट्रिक होत्या, आणि त्यांच्या समुद्रातून निघणारं तेल आणि गॅस जवळजवळ सगळं बाहेर जातं. देश स्वच्छ, तिजोरी भरलेली, धूर गिऱ्हाइकाच्या नावावर.

या नियमाला कारण आहे, हेही मान्य करायला हवं. एकच धूर दोन देशांच्या नावावर लावला तर बेरीज चुकेल. आणि जाळायचं की नाही, हे शेवटी जाळणारा ठरवतो. पण बेरीज बरोबर येणं आणि जबाबदारी बरोबर वाटली जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घाटातल्या माणसांना हे नवं वाटायला नको. १८६३मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून सहासष्ट वर्षं कोळशाची इंजिनं धापा टाकत खंडाळ्यापर्यंत चढायची. १९२९मध्ये कल्याण-पुणे मार्गावर वीज आली. पुढच्या वर्षी सुरू झालेली डेक्कन क्वीन पहिल्या दिवसापासून विजेवरच धावली. घाट स्वच्छ झाला. पण या विजेसाठी जीआयपी रेल्वेनं ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस बांधलं होतं आणि ते कोळशावर चालायचं. खंडाळ्याला हवा खायला येणाऱ्या मुंबईकराला धूर दिसेनासा झाला, तो ठाकुर्लीत दिसू लागला.

लोणावळ्याच्या पाण्याची गोष्ट याच्या बरोबर उलटी. वळवण, शिरवता इथं अडवलेलं पाणी १९१५पासून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडून वीज तयार करतात. मुंबईच्या गिरण्या तोवर वाफेवर, म्हणजे लांबून आणलेल्या कोळशावर चालायच्या. ही वीज मिळाल्यावर त्यांचा कोळसा वाचला, मुंबईचा धूर कमी झाला. पण वीज घाटाखाली गेली आणि बुडालेली जमीन घाटावर राहिली. शेजारच्या मुळशीत १९२१मध्ये शेतकरी सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध उभे राहिले, त्यामागचा प्रश्न मला तरी हाच दिसतो: फायदा तिकडे आणि तोटा इकडे, ही वाटणी केली कुणी? तेलात वाटणी फिरते. पैसे विकणाऱ्याकडे राहतात आणि धूर मालाबरोबर निघून जातो.

आता आपल्याकडे या. भारत तेल विकत घेणारा देश आहे, असंच आपण शाळेत शिकलो आणि ते खरंच आहे. लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. पण रिफायनऱ्या आपल्याकडे इतक्या मोठ्या आहेत की शुद्ध केलेलं पेट्रोल-डिझेल आपण भरपूर विकतो. २०२३-२४मध्ये ही निर्यात सहा कोटी टनांच्या वर होती. त्यातला मोठा भाग लांब जातो, नेदरलँड्ससारख्या देशांत. रशियाच्या डिझेलवर युरोपनं फेब्रुवारी २०२३मध्ये बंदी घातली, पण रशियाचं कच्चं तेल जामनगरला शुद्ध झालं की ते कागदोपत्री भारतीय डिझेल व्हायचं आणि युरोपला चालायचं. जुलै २०२५मध्ये त्यांनी हीही वाट बंद करायचं ठरवलं. धूर तोच, कागद बदलला की माल पवित्र. असो, तो वेगळा विषय आहे.

शेजाऱ्यांचा वाटा टनांत लहान, पण माझ्या डोक्यात तोच अडकून बसला, कारण आमच्या क्लायंटचा धंदाही शेजाऱ्यांशीच आहे. नेपाळचं पेट्रोल, डिझेल, गॅस गेली पन्नास वर्षं भारतातूनच जातं. सप्टेंबर २०१९मध्ये बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली, दोन देशांना जोडणारी दक्षिण आशियातली पहिली पेट्रोलियम पाइपलाइन. मार्च २०२३मध्ये सिलिगुडीहून बांगलादेशातल्या पार्बतीपूरपर्यंत दुसरी आली, वर्षाला दहा लाख टन डिझेल नेऊ शकेल एवढी. २०२२मध्ये श्रीलंकेकडे डॉलर संपले आणि पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा इंधन घ्यायला भारतानं ५० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. भूतानमध्येही पेट्रोल आपलंच. कल स्पष्ट आहे. टँकरच्या जागी पाइप येतोय, आणि पाइप एकदा पुरला की तो पंचवीस-तीस वर्षांचा संसार असतो. पाइप टाकणारा माल विकतो आणि सवयही विकतो.

मग विकूच नये का? इथं मी पहिल्यांदा अडकले.

कॉलेजला माझ्या वर्गात काठमांडूची एक मुलगी होती. २०१५ साली आम्ही फर्स्ट इयरला. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे भूकंप झाला होता, सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना आली आणि लगेच सीमेवर मालाची वाहतूक थांबली. नेपाळ म्हणत होता, ही भारताची अघोषित नाकेबंदी आहे. भारत म्हणत होता, तुमच्याच मधेशी आंदोलकांनी रस्ता अडवलाय. ते काही असो, गॅस येत नव्हता. तिची आई गच्चीवर विटा मांडून लाकडांवर स्वयंपाक करायची. नंतर तिथं अर्धे भरलेले सिलेंडर वाटायला लागले, तर ती हॉस्टेलवर आनंदानं सांगत आली होती, “मिला, आधा मिला!” त्या काही महिन्यांत नेपाळचं कार्बन उत्सर्जन घटलं असेल कदाचित. त्याचं श्रेय कुणी घेऊ शकेल? मला तर ते दुष्टपणाचंच वाटतं. समोरच्याची चूल आपल्या माळावर अवलंबून ठेवायची आणि मग एक दिवस माल थांबवायचा, यात पर्यावरण कुठंच येत नाही.

म्हणजे विकणं हा गुन्हा नाही. पण मग ऑफिसमध्ये या विषयावर बोलताना जे उत्तर हमखास मिळतं, तेही मला पटत नाही. ते उत्तर असं: “आपण नाही विकलं तर दुसरा विकेल. आपण नाही लिहिलं तर दुसरी कंपनी लिहील. फरक शून्य.”

हा युक्तिवाद कोर्टातही झालाय. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये ग्लॉस्टर गावाजवळ रॉकी हिल नावाची कोळशाची खाण काढायची होती. कंपनीचं म्हणणं, आमचा कोळसा आला नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडून घेईल, जगाचा धूर तेवढाच राहील. फेब्रुवारी २०१९मध्ये न्यायाधीश ब्रायन प्रेस्टन यांनी हे फेटाळलं. कोळसा परदेशात जळणार असला तरी तो धूर या खाणीच्या हिशोबात धरला आणि खाणीला परवानगी नाकारली. जून २०२४मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानंही एका तेलविहिरीच्या खटल्यात सांगितलं की परवानगी देताना ते तेल पुढे जळून होणारा धूरही तपासलाच पाहिजे. सगळी कोर्टं असं म्हणत नाहीत. डिसेंबर २०२०मध्ये नॉर्वेच्या सुप्रीम कोर्टानं पर्यावरण संघटनांच्या विरोधात निकाल दिला होता.

तत्त्वज्ञानातही हा प्रश्न जुना आहे. बर्नार्ड विल्यम्स नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९७३मध्ये जॉर्जची गोष्ट मांडली. जॉर्ज केमिस्ट्रीत पीएचडी, नोकरी मिळत नाही, घरी बायको-मुलं, तब्येत नाजूक. त्याला एका प्रयोगशाळेत काम मिळतंय, पण तिथं रासायनिक आणि जैविक शस्त्रांवर संशोधन चालतं आणि जॉर्जचा त्याला विरोध आहे. ओळखीचा माणूस सांगतो, तू नाही घेतलंस तर ही नोकरी ज्याला मिळेल तो तुझ्यापेक्षा जास्त उत्साहानं शस्त्रं बनवेल. नुसते परिणाम मोजले तर जॉर्जनं नोकरी घ्यावी. विल्यम्सचं म्हणणं असं की या हिशोबात जॉर्जच गायब होतो. माणूस म्हणजे परिणाम वाहून नेणारा पाइप नव्हे, त्यानं आयुष्यभर जे मानलं ते त्याच्या हातांशी जोडलेलं असतं.

जॉर्जची गोष्ट वाचून मी प्रभावित झाले, पण घरी सांगण्यासारखी ती वाटली नाही. एका रविवारी पप्पा ओट्यावर बसले होते, तर सरळच विचारलं.

“पप्पा, तुम्ही जे तेल न्यायचात, त्याच्या धुरात आपला पण वाटा आहे असं वाटलं का कधी?”

“धूर कारखान्याचा. आपण भाडं घ्यायचं.”

“आणि तुम्ही नसतं नेलं तर?”

“दुसऱ्यानं नेलं असतं. ड्रायव्हर काय कमी आहेत?”

मला वाटलं, विषय संपला. ते थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मला कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. एका खेपेला माल खाली करून परत माहूलला जाताना त्यांना ब्रेक लागत नसल्यासारखं वाटलं. मालकाला फोन केला की गाडी गॅरेजला लावा, घाट उतरवणार नाही. मालक म्हणाला, “तू नाही नेलीस तर दुसरा नेईल, उगाच खेप बुडवू नको.” पप्पांनी चावी ठेवली. दुसऱ्या ड्रायव्हरनं गाडी नेली.

“मग?”

“मग काय, पोचला की तो. सुखरूप. मालकानं मला महिनाभर गाडी दिली नाही. तुझी आई लोकांच्या शेतात भात लावायला गेली त्या वर्षी.”

“मग वाटलं असेल ना, उगाच नाही म्हणालो?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की इंजिनिअरिंगला घातलेले पैसे वाया गेले. “कशाला वाटेल? ब्रेक खराबच होता.”

मी या वाक्याभोवती बरेच दिवस फिरतेय. ‘दुसरा नेईल’ हे खरं होतं. दुसऱ्यानं नेलीच. ‘काही झालं नाही’ हेही खरं. तरी ब्रेकच्या खराब असण्यावर या दोन्ही खऱ्या गोष्टींचा काहीच परिणाम होत नाही. दुसरा कोण काय करेल, हे सांगणारं वाक्य फार तर पुढे काय घडेल ते सांगतं. मी जे करतेय ते काय आहे, याबद्दल ते गप्प असतं.

अर्थात घाटात ब्रेक नसलेली गाडी उतरवणं आणि काठमांडूच्या स्वयंपाकघरात गॅस पोचवणं एकच नाही. पहिल्यात ‘नाही’ म्हणणं पुरेसं होतं. दुसऱ्यात नुसतं ‘नाही’ म्हणणारा स्वतःचे हात धुऊन घेतो आणि समोरच्याची चूल विझवतो. म्हणून मला आता वाटतं, शेजाऱ्याला इंधन विकणाऱ्यावर दोन देणी बसतात. एक, आपण विकलेल्याचा धूर आपल्याही वहीत लिहून ठेवणं, बेरजेत धरला नाही तरी दिसेल असा. दुसरं जास्त अवघड: शेजारी आपल्या मालाशिवाय जगू पाहत असेल तर त्याला मदत करणं, म्हणजे स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं कमी करणं.

ही हवेतली गोष्ट नाही. नाकेबंदी सोसलेला तोच नेपाळ आता विजेकडे वळलाय. तिथं आयात होणाऱ्या नव्या प्रवासी कारमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर गेलाय, आणि त्यातल्या बहुतेक गाड्या चिनी आहेत. पावसाळ्यात नद्या भरल्या की जास्तीची वीज नेपाळ २०२१पासून भारताच्या बाजारात विकतो. नोव्हेंबर २०२४मध्ये भारताच्या तारांवरून ४० मेगावॅट बांगलादेशालाही द्यायला सुरुवात झाली. भूतान तर कित्येक वर्षं आपल्याला वीज विकतो आणि आपल्याकडून पेट्रोल घेतो. पण नेपाळमधल्या ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार आहे, त्याची वीज भारत घेत नाही. याला संरक्षणाची कारणं असतील, मी ती उडवून लावत नाही. पण आपला पाइप तिकडे जाताना जेवढी रिबिनी कापायची घाई असते, तेवढी त्यांची तार इकडे येताना दिसत नाही. आणि हो, त्यांच्या धरणांतही कुणाची तरी भातखाचरं गेली असतील. हे मावळातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मी प्रोजेक्ट सोडलेलं नाही. तळेगावच्या फ्लॅटचा हप्ता आहे, पप्पांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडतं. जॉर्जइतकी मी ठाम नाही. मॅनेजरला विचारलं होतं की सस्टेनेबिलिटीच्या टॅबवर एक कॉलम वाढवू या का: आज डेपोतून जो माल गेला, तो जळल्यावर किती टन. तो म्हणाला, “अगं, ते आपल्या स्कोपमध्ये नाही.” मला हसू आलं. कंपन्यांच्या कार्बनच्या हिशोबात विकलेला माल गिऱ्हाइकाकडे जळून होणाऱ्या धुराला ‘स्कोप थ्री’च म्हणतात. त्याला हे माहीत होतं, तोही हसला. मग म्हणाला, “कर तुझ्या वेळात. डेमोला बघू.”

दोन शनिवार लागले. कोड फार नाही, प्रत्येक इंधनाचा एक आकडा आणि एक गुणाकार. कॉलम तयार आहे, डीफॉल्टला बंद, माझ्या ब्रँचमध्ये. मर्ज झालेला नाही.

परवा पप्पांना लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून शून्यं मोजली.

“हे एका महिन्याचं?”

“एका दिवसाचं.”

पुन्हा मोजली. मग विचारलं, “तिकडच्या डेपोवाल्याला दिसतं का हे?”

“अजून नाही.”

“त्याला दाखव,” म्हणाले, आणि चष्मा काढून ठेवला.